आठ भिंतींचं घर

मामांच्या घरी जायचं तर फाटकातून जावं लागे, आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना भिंतच नव्हती. कुंपणाची भिंत कधीचीच पडली होती आणि तिच्या विटा आसपासच्या लोकांच्या पायऱ्यांना आणि चुलींना लागल्या होत्या. उरलं होतं ते दोन विटांच्या खांबांमधलं उंच लोखंडी फाटक आणि त्याला खेटून मामांचं घर. गाई फाटकाला वळसा घालून जात, सायकलवाले जात, पोस्टमनही जाई. मामांना त्यांतलं कुणी दिसत नसे. फाटक ढकलून जो येईल तोच पाहुणा. एकदा त्यांचा मुलगा म्हैसुरातल्याच विजयनगरहून स्कूटरवर आला आणि घाईघाईत फाटकाच्या बाजूनं थेट दारापर्यंत पोचला. "अप्पा, अप्पा" करत उभा राहिला. मामा खिडकीत पेपर वाचत होते. त्यांनी शांतपणे पान उलटलं. मुलानं कपाळाला हात लावला, स्कूटर वळवून रस्त्यावर नेली, फाटक उघडलं, आत आला, फाटक लावलं.

"ये बा," मामा पेपरावरून बघत म्हणाले, "आत्ता आलास काय?"

ते माझे सख्खे मामा नव्हते. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात टायपिस्ट होते आणि ते तिथेच गेटवर टाइमकीपर. आमच्या ऑफिसात घरी मराठी बोलणारे आम्ही दोघंच. माझे आजोबा अग्रहारात कापड रंगवायचे आणि छापायचे, त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात. एवढ्यावर त्यांनी मला भाची करून टाकलं आणि माझ्या जेवणाच्या डब्यावर हक्क सांगितला. दिवसभर एका फाटकात उभं राहायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या फाटकात जाऊन बसायचं, असा त्यांचा जन्म चालला होता. कारखान्यातले लोक हसत. मामांना त्याचं काहीच वाटत नसे. लग्नाला गेले तरी मांडवाची कमान आधी बघत, दोन्ही खांबांना हात लावून येत आणि मग नवरानवरीकडे वळत.

आता घराबद्दल सांगायला हवं, कारण मामा आणि ते घर वेगळं काढून सांगता येत नाही. मागे कधीतरी एका बड्या असामीचा बंगला होता. बंगल्याच्या तोंडाशी पहारेकऱ्यासाठी हे टुमदार घर बांधलं होतं. साहेबलोक त्याला गेट लॉज म्हणत, मामाही तेच म्हणत. पुढे मालकांनी बंगला विकला, घेणाऱ्यानं तो पाडून मागे गोदाम उभारलं. पिढ्यान् पिढ्या पहारा केल्याचं बक्षीस म्हणून लॉज आणि त्यामागची जमिनीची पट्टी मामांच्या वडलांच्या नावावर झाली. म्हणजे घर गेलं आणि दार राहिलं.

घर आठ भिंतींचं होतं. एकच मोठी खोली, तिच्या कडेला स्वयंपाकापुरता पडदा. बाहेरून गिलावा नव्हता, नुसत्या विटा. एक वीट लांबीची, एक आखूड तोंडाची, पुन्हा एक लांबीची, असा क्रम सगळीकडे फिरलेला. खिडक्यांवर विटांच्याच टोकदार कमानी. मधूनमधून गडद विटांचा पट्टा. आजोबांबरोबर लहानपणी रंगाच्या हौदांपाशी बसल्यामुळे मला प्रत्येक लाल वेगळा दिसतो. त्या भिंतीत मंजिष्ठेच्या पहिल्या बुडीचा लाल होता, दुसऱ्या बुडीचा होता आणि पावसानंतर तर ज्याला आजोबा हात जोडायचे तोही होता. छप्पर इतकं उतरतं की जणू म्हैसुरात बर्फच पडणार. आणि भिंतीत चक्क शेकोटीची जागा, वर धुरांडं! कुठल्या तरी साहेबी पुस्तकातल्या चित्रावरून जसंच्या तसं उचललं असणार. मामांनी शेकोटीच्या जागेत देव मांडले होते. धुरांड्यातल्या चिमण्या वरून काड्या टाकत. मामा पूजा करताना बालकृष्णाच्या डोक्यावरची काडी उचलून बाजूला ठेवत आणि पुढचा मंत्र म्हणत.

रविवारी सकाळी ते नारळाच्या काथ्याच्या ब्रशानं बाहेरच्या विटा झाडत. पाणी नाही, नुसता ब्रश. विटेत खिळा ठोकायची बंदी होती, त्यामुळे कॅलेंडर खिडकीच्या गजाला टांगलेलं असे आणि वाऱ्यानं महिने उलटत. कपाट भिंतीला टेकत नसे, पलंग कुठेही लावला तरी मागे तिकोनी फट राहत असे. त्या फटीत पडलेली वस्तू दिवाळीच्या झाडलोटीलाच सापडायची. मामी म्हणत, "आठ कोपरे आहेत बघ, आणि एकाचा उपयोग नाही." मामा म्हणत, "आठ कोपरे आहेत बघ!" आणि तिथेच थांबत.

मामींना मी पहिल्यांदा पाहिलं ते घराबाहेरच्या कट्ट्यावर. मला वाटलं त्या पाहुण्या आहेत. हातात जेवणाचा तीन पुडांचा डबा, डोक्यात अबोलीचा गजरा, आणि मामांशी अगदी मजेत गप्पा चाललेल्या. मामा दाराच्या आत खुर्चीवर, त्या बाहेर. मी म्हटलं, "आत या ना." दोघंही हसले.

त्या आत येत नसत. मुलानं विजयनगरात घर बांधलं, सुनेच्या बाळंतपणाला म्हणून त्या तिकडे गेल्या आणि राहिल्याच. दर रविवारी डबा घेऊन यायच्या, कट्ट्यावर बसायच्या, मामा जेवेपर्यंत थांबायच्या आणि फाटकातूनच परत जायच्या. कट्टा मामांच्या वडलांनी स्वतः बांधलेला होता आणि त्यांचा हात गवंड्याचा नव्हता. विटांचे थर डावीकडे उतरत गेले होते. कॉफीचा पेला ठेवला की हळूहळू सरकत जायचा. मामी बोलता बोलता दोन बोटांनी पेला अडवून धरत, तशी सवयच झाली होती त्यांना.

भांडण एका दाराचं होतं. त्या घराला मागचं दार नव्हतं.

ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण त्या घराच्या तीन खिडक्या रस्त्याकडे होत्या, येणारा-जाणारा दुरून दिसावा म्हणून, आणि दारही रस्त्याकडे. न्हाणीघर आणि बाकीची सोय मागच्या बाजूला, वेगळ्या खोपटात. म्हणजे कुठेही जायचं तर पुढच्या दारानं बाहेर पडायचं आणि अर्ध्या घराला फेरी घालायची. धुणं तसंच न्यायचं. खरकटं तसंच. मामी अग्रहारातल्या लांबुळक्या घरात वाढलेल्या, मागे अंगण, विहीर, दोरीवर कपडे, शेजारणीशी बोलायला बुटकी भिंत. त्या घरातून या घरात आल्या. एकदा त्यांनी मला सांगितलं, "बाळंतीण होते गं मी. डोक्याला फडकं बांधून, भिंतीला धरून जायची. बस थांबली की आतली माणसं बघायची. पहारा करायला बांधलेलं घर आहे ते. बाईनं राहायला नाही बांधलं."

"हित्तल बागिलु करून दे, दुसऱ्या दिवशी येते," ही त्यांची एकच अट. मागच्या दाराला आमच्याकडे सगळे कन्नडमध्येच हित्तल बागिलु म्हणतात.

आणि मामांचं एकच उत्तर. "पहारेकऱ्याच्या घराला मागचं दार नसतंय. मागचं दार असलं की माणूस पळतो. माझा बाप सांगायचा, लॉज बांधणाऱ्यानं आपल्या घराण्याची पारख केली आणि मुद्दाम दार ठेवलं नाही. हे लोक पळणारे नव्हंत म्हणून." हे ते इतक्या वेळा सांगत की मलाही पाठ झालं होतं. सांगताना ते उठून त्या मागच्या भिंतीला तळहात लावत. आतून ती पांढरीफेक होती, बाहेरून वडलांनी लावलेली बोगनवेल तिच्यावर छपरापर्यंत चढली होती. "हिला फोडू? सुम्ने, उगीचच फोडू?"

बायको घर सोडून गेली तरी माणूस एका भिंतीसाठी अडून बसतो, याचा मला तेव्हा भयंकर राग यायचा. तरी मी दर रविवारी जात होते. कारण खरं सांगायचं तर मामांच्या इतकं रागावून प्रेम करण्याजोगं माणूस मला दुसरं मिळालं नाही.

एकदा एका कॉलेजातले वास्तुकलेचे प्राध्यापक विद्यार्थी घेऊन लॉजची मापं घ्यायला आले. रीतसर फाटकातून आले, त्यामुळे मामा खूश. त्यांनी स्वतः टेपचं टोक धरलं, धुरांड्याची गोष्ट सांगितली, सगळ्यांना कॉफी पाजली. कट्ट्यावरचे पेले सरकायला लागले तशी मुलं हसली. मग प्राध्यापकांनी नकाशा पुरा केला आणि मागच्या भिंतीवर पेन्सिलीनं तुटक रेघ काढली.

"हे काय?" मामांनी विचारलं.

ते कन्नडमध्ये म्हणाले, की अशी लॉज त्यांनी बरीच पाहिली आहेत, राहत्या घराला दोन वाटा ठेवतातच, इथे पूर्वी दार असणार, बोगनवेल काढली तर कळेल.

मामांचा चेहरा बदलला. "पुसा ती रेघ."

"अहो, अंदाज आहे नुसता."

"अंदाज तुमच्या घरी. पुसा, मत्ते निघा इथून."

एका मुलीनं घाबरून खोडरबर काढलं आणि रेघ पुसली. मंडळी निघाली. मामा फाटकापर्यंत गेले, सगळे बाहेर पडल्यावर फाटक लावलं आणि अडसर घातला. तो रविवारच होता. मामी कट्ट्यावर होत्या. मामा आत जाऊन पेपर घेऊन बसले आणि मी मामींना म्हटलं, "बघा, शिकलेली माणसंसुद्धा तुमच्याच बाजूची आहेत."

मामींनी आत बघितलं. मग आवाज खाली आणला. "दार होतं तिथं."

मला वाटलं त्या प्राध्यापकांचंच सांगताहेत.

"माझ्या सासूनं सांगितलं, जायच्या आधी. दार होतं. ती तिथं धुणं वाळत घालायची. बंगल्याच्या व्हरांड्यातून मालकांच्या पाहुण्यांना लुगडी दिसायची. मालकांनी सासऱ्याला बोलावून सांगितलं, शोभा जाते, दार बुजव. त्यानं स्वतःच्या हातानं बुजवलं. वर वेल लावली. आणि पोराला हे असं सांगितलं, पळणारे नव्हंत म्हणून." त्यांनी सरकणारा पेला अडवला. "सासू म्हणाली, याला सांगू नकोस. बापाच्या त्या एका गोष्टीवर उभा आहे हा."

"आणि तुम्ही इतकी वर्षं सांगितलं नाहीत? इतकं भांडलात, घर सोडलंत, आणि हे एक वाक्य बोलला नाहीत?"

"तोंडावर यायचं गं. भांडताना तर हमखास यायचं." त्या हसल्या. "दार पाहिजे होतं मला. त्याचा बाप नको होता."

मला त्या क्षणी आत जाऊन मामांना गदागदा हलवावंसं वाटलं. मामींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बेड, नको. तू पण बोलायचं नाहीस." मी बोलले नाही.

आता आयुधपूजेचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खंडेनवमीला म्हैसुरात ज्याचं त्याचं हत्यार पूजेला लागतं. कारखान्यात यंत्रं झेंडूंनी मढत, माझ्या टाइपरायटरलाही कुंकू लागे. आणि एकदा कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्या वस्तूला काम नाही, तिला हलवायचंही नाही. बाकीचे लोक ही रीत सोयीनं पाळत, स्कूटरला हार घालून तिच्यावरूनच फिरायला जात. मामा कडक. त्यांच्या पणजोबांची तलवार कुठे गेली कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे फाटक हेच हत्यार. पूजा झाली की फाटक जागचं हलणार नाही. म्हणून ते अष्टमीलाच फाटक सताड उघडून ठेवत आणि उघड्या फाटकाची पूजा करत. त्यात त्यांची कधी चूक झाली नाही.

नवमीच्या आधी ते घराला आतून चुना देत. जुन्यावर नवा, असे थरावर थर चढले होते. त्या वर्षी पाऊस लांबला, कौलं गळली, मागच्या भिंतीचा चुना फुगला. मामांनी खरवडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. न सांगता गैरहजर राहणं मामांच्या बाबतीत इतकं अशक्य होतं की साहेबांनीच मला सुट्टी होताच बघून ये म्हणून सांगितलं. मी गेले. फाटक उघडंच होतं, अडसर जमिनीवर. मामा खोलीच्या मधोमध खुर्ची घेऊन त्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. जमिनीवर चुन्याचे पापुद्रे पडले होते. भिंतीवर विटांची कमान दिसत होती, पुढच्या दाराला होती अगदी तशीच. तिच्याखाली दोन्हीकडे उभी सरळ रेघ आणि मधे भरलेल्या विटा, सगळ्या लांबीच्या, एकही तोंडाची नाही.

"चिखलात बसवल्यात," मामा म्हणाले. "चुन्यात नाही."

मी पापुद्रे ओलांडून जवळ गेले.

"थर बघ."

मी बघितलं. थर डावीकडे उतरत गेले होते, बाहेरच्या कट्ट्यासारखे. त्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती. रोज ज्याच्या कट्ट्यावर पेले सरकत होते तोच हात होता.

 मामांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाले, "का बुजवलं असेल बापानं? पळायला नको म्हणून, की एकदा पळून परत आल्यावर?" मला उत्तर ठाऊक होतं आणि ते देता येत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "नोडम्मा, बघ गं, हिला ठाऊक असेल काय?"

"मामींना? त्यांना कसं ठाऊक असणार?" मी म्हटलं.

"बरोबर आहे," मामा म्हणाले. "ठाऊक असतं तर एवढं भांडली, बोलली असती." आणि तेवढ्यानं त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

त्यानंतर मामांनी रजा टाकली. बोगनवेल तोडली. चिखलातल्या विटा एकेक करून काढल्या, ब्रशानं साफ केल्या आणि खोपटाशी रचून ठेवल्या. दार मात्र विकत आणलं नाही. कारखान्यात परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येत त्यांच्या फळ्या मागून आणल्या आणि सुताराकडून दार करून घेतलं. त्यावर खोक्याची कुठली बाजू वर ठेवावी याचा मोठा काळा बाण होता. सुतारानं फळी उलटी लावल्यामुळे तो जमिनीकडे दाखवत होता. मामांनी तो तसाच ठेवला. मुलाकडे निरोप गेला, की आईला नवमीला घेऊन ये.

नवमीला मी सकाळीच गेले. फाटक रीतीप्रमाणे सताड उघडं, झेंडूच्या माळा, खांबांपाशी दृष्ट काढून फोडलेला भोपळा. मुलगा स्कूटरवरून मामींना सोडून भोपळ्याला वळसा घालून गेला. त्या नेहमीप्रमाणे कट्ट्यावर बसायला निघाल्या, तसे मामा म्हणाले, "इकडं नाही, मागं ये."

आम्ही तिघं घराला वळसा घालून मागे गेलो. बोगनवेल नव्हती. भिंतीत कमान होती आणि कमानीत खोक्याच्या फळ्यांचं दार, कडी लावलेलं. दारावर हळद, कुंकू, झेंडूचा हार, उंबऱ्यावर उदबत्ती. मामींनी दाराकडे पाहिलं, मग कमानीकडे, मग बाजूच्या विटांच्या ढिगाकडे. चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही.

"मी नाही फोडलं," मामा घाईघाईनं म्हणाले. "होतंच. बापानं बुजवलेलं. मुळात दार होतं इथं!"

"अय्यो," मामी म्हणाल्या, "हो काय? इथं दार होतं?" त्यांनी गालाला बोट लावलं. आणि माझ्याकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं काय गं?"

"नाही हो," मी म्हटलं.

"मला पण नाही," मामी म्हणाल्या.

"कुणालाच ठाऊक नव्हतं," मामा म्हणाले आणि त्यांचा आवाज पुन्हा भक्कम झाला. "पहारेकऱ्याच्या घराला मागचं दार पाहिजेच. मागून कोण येतंय ते कसं कळणार?"

मामींनी पुढे होऊन कडीला हात घातला आणि थांबल्या. कडीलाही कुंकू होतं.

"पूजा झाली?"

"झाली."

"मग उघडायचं कसं आता?"

मामांनी दाराकडे बघितलं, कडीकडे बघितलं. दर वर्षी फाटक आठवणीनं आदल्या दिवशी उघडून ठेवणारा माणूस, त्यानं हे दार बंद ठेवून त्याची पूजा केली होती. विसरून केली की मुद्दाम, ते मी तेव्हाही विचारलं नाही आणि पुढेही कधी नाही.

"उद्या," मामा जमिनीकडे बघत म्हणाले. "उद्या दसरा. सकाळी उघडायचं. आज नाही हलवता येत."

"म्हणजे उद्यापर्यंत थांबायला पाहिजे, अल्वा?"

"थांबायला पाहिजे," मामा म्हणाले.

मामींनी डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. घराला वळसा घातला, कट्ट्यापाशी आल्या, कट्टा ओलांडला, आणि पुढच्या दारानं आत गेल्या. आतून त्यांचा आवाज आला, "काय हा चुना पाडून ठेवलास, झाडू कुठं आहे?"

मामा बाहेर उभेच होते. "पलंगाच्या मागं," त्यांनी ओरडून सांगितलं, "त्या फटीत."